सत्तावन्न देश काय करतात, अब्बा?

हे पत्र चोपडा तालुक्यातून आलंय. लिहिणाऱ्यांचं वय बावन्न आणि मोटारी भरून (वायंडिंग करून) देण्याचं दुकान आहे. नाव-गाव छापू नका म्हणालेत. पत्र लांब होतं, थोडं आखडून देते.

"आपा, सलाम. माझा धाकटा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून त्याच्या फोनवर गाझाशिवाय काही नाही. जेवताना, दुकानात, फजरनंतर, तेच. स्टेटस ठेवतो. बहिष्कार म्हणून घरात कोल्ड्रिंक आणू देत नाही. शारजाला असलेल्या चाचाशी फोनवर भांडला, तुमचे शेख मुनाफिक (ढोंगी) आहेत म्हणाला. चाचाचा तेव्हापासून फोन नाही. इराणने क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा हा नाचत होता. मशिदीतले एक बुजुर्ग 'ते शिया आहेत, आपले नव्हेत' म्हणाले, तर त्यांच्याशीही वाद घातला. आमचे शेजारी आप्पा केळीवाले आहेत, तीस वर्षांचा घरोबा. परवा ओट्यावर बसून ते म्हणाले, 'तुमले त्या गाझानं काय करानं शे? पहलगामना येळले असा स्टेटस का बरं नही ठेवा?' पोरगा काही न बोलता उठून गेला. खरं तर पहलगामनंतरच्या जुम्म्याला आम्ही दोघांनी दंडाला काळी फीत लावली होती. आप्पांना दिसली नसेल. मला पोलीस केसची भीती वाटते, म्हणून मी त्याचा फोन काढून घेतला. तेव्हा त्याने विचारलं, 'अब्बा, जगात सत्तावन्न मुसलमान देश आहेत, ते काय करतात? दुआ कबूल का होत नाही?' मला उत्तर देता आलं नाही. आता तो नमाजलाही टाळाटाळ करतो. त्याला काही महिने सुरतेला मामूकडे पाठवू का? त्याला काय सांगू आणि आप्पांना काय सांगू?"

वालेकुम अस्सलाम, भाऊ.

फोन आधी परत द्या. या वयाच्या मुलाचा फोन काढून घेतला की तो मित्राच्या फोनवर तेच बघतो, फक्त तुमच्या नजरेआड. शिवाय तुम्ही भीतीपोटी जे केलंत त्याचा अर्थ त्याने 'अब्बांना त्या लेकरांचं काहीच वाटत नाही' असा लावला असणार. तुमच्या पत्रात मला तसं कुठे दिसलं नाही, पण हे पत्र त्याने वाचलेलं नाही. भीती वाटते हे त्याला सरळ सांगा. बाप घाबरतो हे मुलाला कळलं तर आभाळ कोसळत नाही.

त्याला वाईट वाटतंय यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे बाराशे माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझातल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे साठ हजारांहून जास्त जीव गेले. त्यात हजारो लेकरं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तर गाझा शहर आणि भोवतालच्या भागात दुष्काळ पडल्याचं जाहीर झालं, आणि हा दुष्काळ पावसाने आणलेला नव्हता. हे रोज बघणाऱ्या मुलाच्या घशाखाली घास उतरत नसेल तर त्याचं काळीज जागेवर आहे. मोमिन, म्हणजे ईमानवाले, एका शरीरासारखे असतात, एक अवयव दुखला की सगळं अंग तापाने फणफणतं आणि जागतं, ही हदीस त्याने लहानपणी मदरशात तुमच्याच पैशांनी पाठ केली असेल. आता ती लागू पडली तर आपण दचकतो!

मात्र त्याच्या नाचण्याबद्दल मी गप्प बसणार नाही.

जून २०२५ च्या इराण-इस्रायल लढाईच्या त्या बारा दिवसांत इराणचं एक क्षेपणास्त्र उत्तर इस्रायलमधल्या तम्रा नावाच्या गावावर पडलं. तम्रा हे मुसलमान अरबांचं गाव. एकाच कुटुंबातल्या चार बायका त्यात मेल्या. हे त्याला सांगा आणि मग विचारा, तू नक्की कशावर नाचलास? मेलेल्या मुसलमान होत्या म्हणून मी हे सांगते असं समजू नका. ज्यू घरावर पडलं असतं तरी तिथे बायका-मुलंच होती. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत साफ सांगितलंय की एखाद्या कौमशी असलेल्या वैरापायी इन्साफ सोडू नका, इन्साफ करा, तो तक्व्याच्या, म्हणजे अल्लाहचं भय बाळगण्याच्या, जास्त जवळ आहे. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी सीरियाकडे निघालेल्या फौजेला ज्या सूचना दिल्या त्या प्रसिद्ध आहेत. बाई, लेकरू, म्हातारा मारू नका, फळझाड तोडू नका. खानदेशात हे शेवटचं वेगळं समजवावं लागत नाही. भाऊबंदकीत रात्रीतून केळीची उभी बाग कापून टाकणाऱ्याला गाव काय म्हणतं ते तुम्हाला माहीत आहे. फळझाडाला जिथे हात लावायचा नाही, तिथे गाण्याच्या जलशाला जमलेली पोरं मारणं आणि ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यांना ओढून नेणं कुठल्या खात्यात बसवायचं? ७ ऑक्टोबरला जिहाद म्हणणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला मुसलमानानेच पुढे यावं. त्याच तोंडाने गाझाबद्दल बोललं तर त्या बोलण्याला वजन येतं.

आता त्याचा खरा प्रश्न. सत्तावन्न देश.

हा आकडा इस्लामी सहकार्य संघटनेचा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला आग लावली गेली, त्यानंतर महिन्याभरात मोरोक्कोत रबातला परिषद भरली आणि तिथून ही संघटना जन्मली. या सत्तावन्नात खुद्द पॅलेस्टाईन आहे. युगांडा, गयाना, सुरीनाम हे देशही आहेत, जिथे मुसलमान अल्पसंख्य आहेत. आणि कोट्यवधी मुसलमानांचा भारत त्यात नाही. रबातला आपलं शिष्टमंडळ गेलं होतं. पुढे राष्ट्रपती झालेले फखरुद्दीन अली अहमद त्याचे प्रमुख होते. पाकिस्तानने हट्ट धरला आणि त्यांना परिषदेबाहेर राहावं लागलं. जिच्या पहिल्याच बैठकीत हे झालं, ती संघटना उम्मतचा, म्हणजे जगभरच्या मुसलमान बिरादरीचा, आवाज आहे असं तुमच्या मुलाने मानलं हीच त्याची पहिली गफलत. ती सरकारांची संघटना आहे, आणि प्रत्येक सरकार तिथे आपापला हिशोब घेऊन येतं.

तो हिशोब धर्माने चालत नाही, याचे दाखले मोजायला बसलं तर रात्र सरेल. मुसलमान बहुसंख्य देशांत इस्रायलला सर्वांत आधी मान्यता दिली तुर्कस्तानने, १९४९ मध्ये, आणि १९५२ पासून तो नाटोत आहे. इजिप्तने १९७९ मध्ये तह केला, जॉर्डनने १९९४ मध्ये. त्याच जॉर्डनच्या फौजेने १९७० च्या सप्टेंबरात पॅलेस्टिनी लढवय्यांवर रणगाडे घातले होते. कुवेतमधून १९९१ मध्ये लाखो पॅलेस्टिनींना बाहेर पडावं लागलं, कारण त्यांच्या नेत्याने सद्दामची बाजू घेतली होती. इराण आणि इराक १९८० ते १९८८ एकमेकांशी लढले, दोन्हीकडे कुराण एकच. शियाबहुल अझरबैजान इस्रायलला तेल विकतो, तर इराणचं सूत ख्रिस्ती आर्मेनियाशी जास्त जमतं. कतारमध्ये हमासचं राजकीय कार्यालय होतं आणि अमेरिकेचा भलामोठा हवाई तळही तिथेच. जुलै २०१९ मध्ये चीनमधल्या उइगर मुसलमानांच्या छळाबद्दल बावीस देशांनी संयुक्त राष्ट्रांत पत्र दिलं. त्याला उत्तर म्हणून चीनची पाठराखण करणारं दुसरं पत्र आलं आणि त्यावर सौदी अरेबिया आणि पाकिस्तानची सही होती. आणि १९७१ मध्ये पूर्व बंगालमध्ये मारणारे कोण होते आणि मरणारे कोण होते, ते तुमच्या पिढीला सांगायची गरज नाही.

एवढं लांब कशाला? मुलाला घेऊन एखाद्या रविवारी थाळनेरला जा. तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. खानदेशावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलेलं हे घराणं स्वतःला हजरत उमर फारुक यांचं वंशज म्हणवायचं. ते लढले कोणाशी? गुजरातच्या सुलतानाशी, बहमनींशी. आणि १६०१ मध्ये त्यांचा असीरगड घेऊन राज्य बुडवलं ते अकबर बादशहाने. सगळे कलमा पढणारे. त्या काळी कोणी 'मुसलमान राजे काय करतात' असं विचारलं असतं तर लोक हसले असते. राजे राज्य करतात.

त्याच्याच वयाच्या पोरांनी शंभर वर्षांपूर्वी हाच घोटाळा केला होता, तोही त्याला सांगा. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कांची खिलाफत वाचवायला हिंदुस्थानातले मुसलमान रस्त्यावर उतरले. गांधीजी सोबत होते, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९२० मध्ये तर हिजरतची लाट आली. हजारो लोकांनी घरं-शेतं मिळेल त्या भावात विकली आणि अफगाणिस्तानची वाट धरली, कारण तिथे मुसलमान अमीर होता. अमिराने काही आठवड्यांत हात वर केले आणि सरहद्द बंद केली. कित्येक वाटेत मेले, उरलेले कंगाल होऊन परतले. आणि ज्या खिलाफतीसाठी हे सगळं झालं ती ३ मार्च १९२४ ला तुर्कांनीच मोडीत काढली. इंग्रजांनी नव्हे, मुस्तफा केमालच्या सभागृहाने. अंकाराला आपली बाजू होती, लखनौच्या आयाबायांच्या बांगड्यांशी तिचा संबंध नव्हता. या गोष्टीवर मुलं पहिल्यांदा चिडतात. मी वर्गात इतिहास शिकवायचे तेव्हाही चिडायची. चिडू द्या.

हे सगळं ऐकून तो म्हणेल, मग उम्मत वगैरे खोटंच? तसं मुळीच नाही. गाझाच्या लेकरासाठी चोपड्यातल्या पोराला झोप येत नाही, ही उम्मत. तिला राजदूत नसतो. आणि इन्साफ तर उम्मतच्याही बाहेर भेटतो. इस्रायलवर नरसंहाराचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात डिसेंबर २०२३ मध्ये भरला तो दक्षिण आफ्रिकेने, जो सत्तावन्नात नाही. मे २०२४ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली स्पेन, आयर्लंड, नॉर्वेने. युद्ध थांबवा म्हणत ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ठाण मांडून बसलेल्यांत शेकडो ज्यू होते, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. तुमचा मुलगा 'ज्यू' हा शब्द शिवीसारखा वापरत असेल, या वयाची मुलं वापरतात, तर ही बातमी त्याच्यासमोर ठेवा. आणि गाम्बियाचंही सांगा, म्हणजे पारडं एकीकडे झुकायला नको. तो सत्तावन्नातलाच एक चिमुकला देश. रोहिंग्यांसाठी म्यानमारवर २०१९ मध्ये खटला भरला तो त्याने.

आता दुआ.

इथे मी मौलाना नाही, हे आधी सांगते. तुमच्या इमामसाहेबांशीही बोला, पण ते रागे भरणारे नसतील तरच. मुलाच्या प्रश्नात कुफ्र (धर्मद्रोह) शोधणाऱ्याकडे त्याला नेऊ नका. सूरह बकराची २१४ वी आयत काढा आणि दोघे मिळून तर्जुमा वाचा. तुमच्या आधीच्यांवर जे गुदरलं ते तुमच्यावर न गुदरताच जन्नतमध्ये जाल असं वाटतं का, असं ती विचारते. त्यांच्यावर संकटं आली, ते इतके हादरले की रसूल आणि त्यांच्यासोबतचे मोमिन म्हणाले, अल्लाहची मदत कधी येणार? तुमच्या मुलाने जो प्रश्न विचारला तो त्या आयतीत पैगंबराच्या तोंडी आहे. मदत जवळ आहे, हे उत्तरही तिथेच आहे, पण तारीख दिलेली नाही. तुम्हीही देऊ नका. 'सब्र कर, सगळं ठीक होईल' हे वाक्य निदान महिनाभर घरात बंद ठेवा. त्याने ते इतकं ऐकलंय की आता ते त्याला टाळल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट हुदैबियाची. ६२८ साली पैगंबर आणि त्यांचे सोबती उमऱ्यासाठी (छोट्या यात्रेसाठी) मक्केला निघाले, मक्केच्या कुरैश टोळीने वाटेत अडवलं आणि तह ठरला. अटी इतक्या एकतर्फी की हजरत उमरना राहवलं नाही. आपण हकवर (सत्यावर) नाही का, मग ही मानखंडना कशाला, असं त्यांनी थेट विचारलं. त्याच वेळी अबू जंदल नावाचा तरुण पायांत बेड्या घेऊन कसाबसा तिथे पोहोचला. तो मुसलमान झाला म्हणून त्याच्या बापाने त्याला डांबलं होतं आणि तोच बाप कुरैशांतर्फे तह करायला बसला होता. मला परत पाठवू नका, म्हणून तो मुसलमानांसमोर रडला. करार झाला होता. त्याला परत जावं लागलं. पुढे तो सुटला, आणि दोन वर्षांत मक्का जवळजवळ न लढता हाती आली. ते पुढचं. त्या दुपारी मात्र तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तेच वाटलं असणार जे तुमच्या मुलाला आज वाटतं. ही गोष्ट मी विजयासाठी सांगत नाही. शब्द दिला की पाळायचा, मन कितीही जळो, ही शिस्त दीनच्या आतली आहे एवढ्यासाठी सांगते. सूरह अन्फालच्या ७२ व्या आयतीतही, दूरच्या मोमिनांनी दीनसाठी मदत मागितली तर करा, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही, अशी अट आहे. आपल्याकडच्या जमियत उलमा-ए-हिंदच्या उलेमांनी या देशातल्या मुसलमानाचं नातं असंच करार म्हणून मांडलं. देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी १९३८ मध्येच सांगत होते की कौम वतनाने बनते, आणि पाकिस्तानच्या मागणीला ते शेवटपर्यंत विरोध करत राहिले. तेव्हा 'देश की दीन' हा सवाल जो तुमच्या मुलावर कोणी ना कोणी फेकतं, त्याचं उत्तर देवबंदच्या बुजुर्गांनी त्याच्या पणजोबांच्या काळात देऊन ठेवलंय. रोज नव्याने द्यायची गरज नाही.

आप्पांकडे येऊ.

आप्पांचा पहिला प्रश्न, गाझाशी काय करायचंय. त्यांना फैजपूरची आठवण द्या, चोपड्यापासून फार लांब नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं. साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. अध्यक्ष नेहरू त्या मंडपात स्पेनच्या यादवीबद्दल बोलले, ॲबिसिनियाबद्दल (आजच्या इथिओपियाबद्दल) बोलले. समोर आपलेच कापूसवाले, केळीवाले शेतकरी. 'तुमले स्पेननं काय करानं शे' असं त्यांना कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पॅलेस्टाईनचं म्हणाल तर गांधीजींनी १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, आणि त्याच लेखात ज्यूंवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल कळवळाही होता. भारताने १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिलं, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली. १९९२ पासून इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध आहेत, दोस्तीही घट्ट आहे, आणि तरी सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांत भारताने मत दिलंच. तेव्हा तुमचा मुलगा जे म्हणतो त्यातलं बरंचसं सरकारच्या कागदावरही सापडेल. आणि आप्पांना वेगळ्या भाषेत सांगायचं तर त्यांची केळी जाते कुठे? इराण, इराक, आखात. होर्मुझच्या सामुद्रधुनीत आग लागली की कंटेनरचं भाडं आणि विमा चढतो. तिकडच्या लढाईशी आप्पांना तुमच्यापेक्षा जास्तच करायचंय.

दुसरा प्रश्न पहलगामचा. तो जास्त टोचला, आणि टोचायलाच हवा. २२ एप्रिल २०२५ ला सव्वीस माणसं मारली गेली, धर्म विचारून विचारून. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्यात होता. तुम्ही फीत लावली होती हे आप्पांना सांगा, पण पुराव्यासारखं मांडू नका. पुरावे द्यायला लागलं की दरवेळी द्यावे लागतात, आणि पुढच्या वेळी फीत पुरत नाही. तीस वर्षांचा घरोबा आहे, तर उलट विचारायचा हक्कही आहे: आप्पा, तुम्हाला खरंच वाटलं का की आम्हाला दुःख झालं नसेल? मला वाटतं आप्पा गप्प होतील. नाही झाले तर निदान कळेल की प्रश्न त्यांचा होता की कुठल्या ग्रुपवरून आला होता. त्यांच्याही फोनवर दिवसभर काहीतरी येतच असतं, तुमच्या मुलाच्या फोनसारखंच. मुंबईच्या २६/११ नंतर बडा कब्रस्तानने हल्लेखोरांचं दफन करायला साफ नकार दिला होता, हेही एकदा बोलण्यात येऊ द्या. मात्र हे सगळं ओट्यावर, चहासोबत, आणि मुलगा हजर असताना बोला. अब्बा आप्पांशी न घाबरता आणि न भांडता बोलतात, हे त्याने पाहणं जास्त गरजेचं आहे.

बाकीचं भराभर सांगते.

पोलीस केस. सहानुभूती गुन्हा नाही. दोन समाजांत वैर पेटेल असं लिहिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याला एक सोपा नियम द्या: मेलेल्यांबद्दल लिही, कुठल्या जमातीबद्दल लिहू नकोस. सशस्त्र संघटनांचे झेंडे, मुखवटे, नारे स्टेटसवर नकोत, अजिबात नकोत. आणि टाकण्याआधी पडताळणी. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर खातरजमा करा असा हुकूमच आहे, आणि कानावर पडेल ते सांगत सुटणं एवढं माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. सीरियाचे जुने व्हिडिओ गाझाचे म्हणून फिरतात, आता तर संगणकाने बनवलेली लेकरंही रडतात. गूगल लेन्सवर चित्र टाकून बघायला त्याला दोन मिनिटं लागतील. तो विज्ञानाचा विद्यार्थी आहे, हे काम त्याला आवडेल. मोहल्ल्याच्या ग्रुपवर येणारं तपासायची जबाबदारी त्याच्यावरच टाका.

पैसे. अनोळखी क्यूआर कोडवर एक रुपयाही नको. त्यातले कित्येक नुसते भामटे असतात, आणि पैसा कुठे गेला हे सिद्ध करत बसणं तुम्हाला परवडणार नाही. द्यायचेच तर युनिसेफसारख्या उघड संस्थेला द्या आणि पावती ठेवा. जकातीवर जवळच्यांचा हक्क आधी, हे तुम्ही जाणताच. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आदिवासींच्या पाड्यांवर या वर्षीही मुलं शाळा सोडून मजुरीला गेलीत. मुलाला घेऊन तिथे जाऊन या. हे गाझाच्या बदल्यात असं म्हणू नका, दुःखाची अदलाबदल होत नसते.

कोल्ड्रिंक. त्याने प्यायचं की नाही हा त्याचा प्रश्न. पाहुण्याच्या हातातला ग्लास काढायचा नाही, एवढं सांगा.

शिया-सुन्नी. इथे तुमचा मुलगा बरोबर आहे आणि बुजुर्ग चुकलेत. जॉर्डनच्या पुढाकाराने निघालेल्या २००४ च्या अम्मान संदेशाला पुढे जगभरच्या उलेमांनी पाठिंबा दिला. त्यात शियांच्या जाफरी मजहबला मुसलमानच मानलंय आणि कोणी कोणाला काफिर ठरवू नये असं म्हटलंय. पण इराणची पालखी खांद्यावर घेण्याआधी मुलाने हेही वाचावं की सीरियात असदच्या राजवटीने आपल्याच लोकांवर बॉम्ब टाकले तेव्हा त्या राजवटीमागे इराण उभा होता, आणि २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर आलेल्या पोरींचं तिथे काय झालं. बुजुर्गांशी आवाज चढवला असेल तर मात्र माफी मागायला लावा. मुद्दा बरोबर होता म्हणून सूट नाही.

चाचाला तुम्ही फोन करा, मुलाला करायला लावू नका. परमुलखात व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तिथल्या सरकारबद्दल फोनवर काय बोलता येतं आणि काय नाही, हे तुमच्या मुलाला ठाऊक नाही. चाचा गप्प बसला तो शेखांच्या प्रेमापोटी नसेल. त्याच पगारातून कदाचित या मुलाची फी गेली असेल, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण खानदेशातली घरं मला माहीत आहेत.

नमाजसाठी मागे लागू नका. जुम्म्याला जाताना 'चलतोस का' एवढंच विचारा. नाही म्हणाला तर एकटे जा.

आणि सुरतेला पाठवू नका. परीक्षा जवळ आहेत, मामूला त्याचं दुकान आहे, आणि लिंबायत-उधन्यात रेंज चोपड्यापेक्षा चांगली येते.